कावेरीकाठी दोन रात्री
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली आहे, आतून मोदकांचा वास येतो आहे आणि माझ्यानंतर बालगोपाळांचे नाच आहेत. अशा वेळी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाने घड्याळाकडे लक्ष ठेवावं, एवढं मला कळतं.

कार्यकारिणीने मला सांगितलं की, गेल्या जानेवारीत आपली आठ कुटुंबं नदीकाठी तंबूत राहून आली, त्याबद्दल बोला. यंदा नावं बरीच आली आहेत, पण प्रश्न त्याहून जास्त आले आहेत. पहिला प्रश्न, तिथे टीव्ही आहे का? नाही. दुसरा, मग संध्याकाळी करायचं काय? त्याचं उत्तर थोडं लांब आहे. आणि तिसरा प्रश्न तरुण मंडळींचा, की पैसे भरून कुठे जायचं कशाला, काबिनीच्या काठावर आपणच तंबू ठोकू. तिथूनच सुरुवात करतो.

मी मूळचा अमरावतीचा. आमच्याकडे जंगलातला मुक्काम म्हणजे मेळघाटातलं कोलकास. खाली सिपना नदीचं वळण आणि वर टेकाडावर वनखात्याचं विश्रामगृह. लहानपणी वडिलांबरोबर तिथे राहिलो, आणि मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचायला लागलो ती त्यानंतर. नोकरीसाठी म्हैसूरला आलो तेव्हा नकाशा पाहून हरखून गेलो होतो. एका बाजूला बंडीपूर, दुसऱ्या बाजूला नागरहोळे, मधून काबिनी. दोन राष्ट्रीय उद्यानं शहरापासून सकाळी निघून न्याहारीच्या वेळेला पोचण्याइतकी जवळ! पुण्या-मुंबईच्या लोकांना हे भाग्य नाही.

पण राष्ट्रीय उद्यानात आपला तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय आत पाऊलसुद्धा टाकता येत नाही. बंडीपूर हे १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. नागरहोळेतून मानंदवाडीला जाणारा रस्ता संध्याकाळी सहा ते सकाळी सहा बंद असतो, बंडीपूरच्या महामार्गावरही रात्री नऊनंतर खाजगी गाड्या सोडत नाहीत. आपल्यातले काही जण याला सरकारी जाच म्हणतात. मला तसं वाटत नाही. काबिनीच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की तळाच्या गाळात गवत उगवतं आणि मार्च ते मे या दिवसांत आशियातले सर्वांत मोठे हत्तींचे जमाव तिथे गोळा होतात. त्या गवतात आपण चूल मांडायची, ही कल्पनाच बरी नव्हे.

म्हणून आम्ही निवडलं भीमेश्वरी. ही जागा राष्ट्रीय उद्यानात नाही, कावेरी वन्यजीव अभयारण्यात आहे. शिवनसमुद्रचे धबधबे आणि मेकेदाटु यांच्या मधल्या दरीत. म्हैसूरहून बन्नूर, मळवळ्ळी, हलगूर असा रस्ता, नव्वदेक किलोमीटर. तिथे राज्य सरकारच्या जंगल लॉजेस या कंपनीची छोटी छावणी आहे. अर्जुन, चिंच, जांभूळ अशा जुन्या झाडांखाली तंबू, आत खाटा, मागे न्हाणीघर. म्हणजे हाल काहीच नाहीत. तंबूच्या दारात बसलं की समोर काही पावलांवर कावेरी.

ही छावणी मुळात मासे पकडणाऱ्या हौशी लोकांची. गळाला महासीर लावायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा, यासाठी जगभरातून लोक इथे येत. पुढे वन्यजीव कायद्यात हा खेळ बसत नाही म्हणून तो बंद झाला. या माशाची आणि म्हैसूरची ओळख जुनी आहे. शिकारी प्राण्यांत पेंढा भरणारं व्हॅन इन्जेन घराणं आपल्या गावचं. त्यांच्यापैकी एकाने १९४६ साली काबिनीत १२० पौंडांचा महासीर पकडला, गळाने पकडलेल्या महासीरचा तो विक्रम मानला जातो. १२० पौंड म्हणजे साधारण ५४ किलो. आपल्या खजिनदारांपेक्षा थोडासाच कमी!

आता यात आपल्याला जरा टोचणारी गोष्ट. कावेरीतला तो मोठा, पाठीवर कुबड असलेला महासीर नेमका कोणत्या जातीचा, हे शास्त्रज्ञांनी निश्चित केलं २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या टोकाला आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला. कारणं बरीच आहेत, धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी. पण एक कारण निळ्या परांचा दुसरा महासीर. तो मूळचा कृष्णेच्या खोऱ्यातला, साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळामुठेतून त्याचं पहिलं वर्णन केलं. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली गेली, आणि चांगल्या हेतूनेच देशातल्या अनेक नद्यांत असं बीज सोडलं गेलं. कावेरीत तो इतका रुजला की मूळच्या माशाला जागा उरेना. छावणीवरच्या जंगल-वाटाड्याने हे सांगितलं तेव्हा आमच्यातला एक कानडी सहकारी हळूच म्हणाला, "सार्, हा मासा तुमच्याकडचा की हो!" सगळे हसलो. मी जरा कमी हसलो.

आता संध्याकाळचं उत्तर. सहा वाजता वाटाड्या म्हणाला, कंदील लागेपर्यंत कोणी बोलू नका. पंचवीस मराठी माणसं एकत्र आणि बोलायचं नाही! पहिली पाच मिनिटं कठीण गेली. मग नदीचा आवाज येऊ लागला, म्हणजे तो होताच, आम्हाला ऐकू येऊ लागला. खडकांवरून जाणाऱ्या पाण्याचा एक आवाज आणि काठाच्या संथ पाण्याचा दुसरा. पाणमांजरांची एक टोळी शिट्ट्या मारत वरच्या डोहाकडे गेली. अंधार पडल्यावर रातवा ओरडू लागला, लाकडावर कोणी ठोकत राहावं तसा. आमच्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं तंबू दुरुस्त करताहेत. रात्री ती दोनदा उठून दाराशी बसली. आईने विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, "वाटतेय, पण झोपावंसं वाटत नाही." मला हे फार आवडलं.

सकाळी झाडावर शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून आपल्याला त्याचा अभिमान, पण इथलं शेकरू वेगळं, करड्या रंगाचं, दक्षिणेत मोजक्याच ठिकाणी दिसणारं. मग हरिगोलुतून, म्हणजे वेताच्या गोल टोपलीसारख्या होडीतून, फेरी. दुपारी जेवायला रागीमुद्दे. आमच्या मंडळींनी तिथेही शेंगदाण्याची चटणी काढली. माकडांनी ती डब्यासकट नेली.

दुसऱ्या संध्याकाळी पलीकडच्या काठावर हत्ती उतरले. सात. एक पिल्लू इतकं लहान की आईच्या पायांखालून पाणी प्यायचा प्रयत्न करत होतं आणि सोंडेचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. आमच्याबरोबर सांगलीच्या एक आजी होत्या, त्यांनी चपला काढून हात जोडले. नातू म्हणाला, "आजी, यांना मोदक द्यायचे?" वाटाड्याला मराठी येत नव्हतं, पण त्याला बरोबर कळलं. तो म्हणाला, काही द्यायचं नाही, आणि सगळे चार पावलं मागे या. वीस मिनिटं ते तिथे होते. पंचवीस माणसांपैकी कोणी खोकलंसुद्धा नाही.

आता जे सांगायला मी मुख्यतः उभा आहे ते. पाण्यात उतरायचं नाही. जवळच मुत्तत्ती आहे, मारुतीचं जुनं देवस्थान. मुत्तु म्हणजे मोती. सीतामाईची मोत्याची नथ इथे पाण्यात पडली आणि मारुतीने शेपटीने डोह ढवळून ती काढून दिली, अशी कथा आहे. डॉ. राजकुमारांचं मूळ नाव मुत्तुराज, ते या देवावरूनच. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी होते, लोक हौसेने नदीत उतरतात आणि दरवर्षी त्यातले काही परत येत नाहीत. वरून पाणी संथ दिसतं. खाली खडकांत कपारी आणि भोवरे आहेत. शिवाय वरच्या अंगाला धरणं आणि वीजकेंद्रं. शिवनसमुद्रला १९०२ साली वीजकेंद्र सुरू झालं, कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी, आणि तेव्हापासून या दरीतलं पाणी नुसतं पावसावर चढत-उतरत नाही. ऊन पडलेलं असतानाही ते वाढू शकतं. आणि मगरी आहेत. ज्यांना पोहता येतं त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. होडीत बसताना जाकीट घालायचं, बुजुर्गांनीसुद्धा. "मी कृष्णेत पोहलोय" हे कारण चालणार नाही. ही अट मान्य नसेल त्यांनी नाव देऊ नये, असं मी कार्यकारिणीलाही सांगितलं आहे.

आणखी एक विषय आहे, जरा नाजूक. या दरीत खाली मेकेदाटुला मोठं धरण बांधायची राज्याची योजना आहे. ६७ टीएमसीचं. बंगळूरला पिण्याचं पाणी आणि थोडी वीज. पाण्याखाली जाणारी जमीन सुमारे पाच हजार हेक्टर, त्यातली बहुतेक अभयारण्य आणि राखीव जंगल. बुडणाऱ्या गावांत मुत्तत्तीचंही नाव येतं. तमिळनाडूचा विरोध आहे आणि योजना अजून कागदावर आहे. आपण इथे बाहेरून आलेली माणसं. आपल्या घरच्या नळाला कावेरीचं पाणी येतं, आपली मुलं बंगळूरला नोकरी करतात आणि टँकरच्या पाण्याने आंघोळ करतात. तेव्हा मला कुठल्याच बाजूने घोषणा देता येत नाही. पण कोयनेचं पाणी चढताना घरं सोडलेल्या लोकांची पुढची पिढी आपल्या सभागृहात बसली आहे, तिला हे समजावून सांगायला नको. इथेही काकनकोटेला हत्ती पकडण्याचा शेवटचा खेडा १९७१ साली झाला आणि १९७४ साली काबिनीचं धरण पुरं होऊन ती जागा पाण्याखाली गेली. ज्यांनी ती पाहिली होती त्यांनाच काय गेलं ते माहीत. उद्या या दरीचं जे व्हायचं ते दिल्लीत आणि बंगळुरात ठरेल. आपल्या मुलांनी ती त्याआधी पाहिलेली असावी, एवढाच माझा आग्रह आहे, आणि घाईचं कारणही तेच.

आता व्यवस्थेचं. डिसेंबरच्या सुट्टीत दोन रात्री. तंबू थोडे, म्हणून दोन तुकड्या कराव्या लागतील. विजेरी प्रत्येकी एक. कपडे मळखाऊ रंगाचे, पांढरे नकोत. गाण्याची पेटी, स्पीकर, फटाके, पत्ते खेळताना होणारी भांडणं, सगळं घरी ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, डबे स्टीलचे आणि घट्ट झाकणाचे, माकडांचा अनुभव सांगितलाच आहे. ज्यांना रक्तदाब-मधुमेहाची औषधं आहेत त्यांनी तीन दिवसांची बरोबर घ्यावीत, जवळ दुकान नाही. सहा वर्षांखालच्या मुलांबद्दल आईवडिलांनी माझ्याशी आधी बोलावं.

नावं, मुलांची वयं आणि निम्मे पैसे विसर्जनाच्या आधी चिटणीसांकडे द्यावेत. विंगेत मुलं मघापासून मुखवटे घालून उभी आहेत, त्यांना उकडत असेल. गणपती बाप्पा मोरया!