वाट कोणाला पुसावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. मी मात्र आज आपल्या प्रत्येकीच्या पिशवीत असलेल्या एका वस्तूविषयी चार शब्द बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे मोबाइल, आणि त्यातही वाट दाखविणारा नकाशा. "२०० मीटरवर डावीकडे वळा," असे सांगणारी ती बाई आता आपल्या घरातलीच झाली आहे. गाडी चालविताना जावईबापू सासऱ्यांचे ऐकणार नाहीत, पण तिचे निमूट ऐकतात! तिचे कोठवर ऐकावे आणि कोठे थांबावे, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम थोडी गंमत सांगते. नॉर्वे देशात हौगेसुंड आणि त्रोंदहेम अशी दोन गावे आहेत. दोन्ही एकाच देशात, एकाच किनाऱ्याच्या अंगाला. परंतु २००५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या नकाशाने या दोहोंमधली वाट कशी दाखवावी? समुद्र ओलांडून इंग्लंडला जा, तेथून फ्रान्समध्ये उतरा, मग जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन करीत पुन्हा नॉर्वेत या! आपल्याकडे ज्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात, तो याहून वेगळा तो काय असणार? २००७ साली गूगलच्या नकाशाला न्यूयॉर्कहून लंडनची वाट विचारली, तर मध्येच एक सूचना येई, "अटलांटिक महासागर पोहून जा, ३,४६२ मैल." ही मात्र त्या कंपनीच्या माणसांनी मुद्दाम केलेली थट्टा होती. २००९ साली स्वीडनचे एक जोडपे इटलीतील काप्री हे सुंदर बेट पाहावयास निघाले. नाव लिहिताना दोन अक्षरांची अदलाबदल झाली आणि यंत्राने त्यांना शेकडो कोस दूर कार्पी नावाच्या गावी नेऊन सोडले. तेथे पोहोचल्यावर, बेट कोठे आहे, अशी त्यांनी चौकशी केली म्हणतात. आपल्याकडे तर एकाच नावाच्या वाड्या आणि वडगावे जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरलेली आहेत. तेव्हा हसताना थोडे सांभाळूनच हसावे.

हे यंत्र वाट शोधते तरी कशी? यात जादू काही नाही, सरळ हिशेब आहे. १९५६ साली डाइक्स्त्रा नावाचे एक तरुण डच गणिती आपल्या वाग्दत्त वधूबरोबर आम्स्टरडॅम शहरात खरेदीला गेले होते. दोघे दमली आणि कॉफी घेण्यास एका उपाहारगृहात बसली. तेथे, कागद-पेन्सिल हाती न घेता, वीस मिनिटांत त्यांनी सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत मनाशी जुळविली. १९५९ साली ती छापून आली. रीत अशी की, प्रत्येक चौक म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक रस्ता म्हणजे दोन ठिपके जोडणारी रेघ. त्या रेघेवर, जावयास किती वेळ लागतो, तो आकडा लिहावयाचा. आपल्यापासून सर्वांत जवळच्या ठिपक्याचा वेळ आधी पक्का करावयाचा, मग त्याच्या पलीकडच्यांचा, असे करीत मुक्कामापर्यंत जावयाचे. रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या आपणां बायकांना हे समजावयास अवघड नाही. आजची यंत्रे याहून पुष्कळ पुढे गेली आहेत, पण मूळ ते हेच.

आकाशातील उपग्रह आपल्याला वाट सांगतात, असा पुष्कळांचा समज आहे. उपग्रहांवरून फोनला कळते ते एवढेच की, आपण या घडीला कोठे उभे आहोत. रस्त्यांच्या रेघा माणसांनी आणि यंत्रांनी वेगळ्या जमविलेल्या असतात. रस्त्यावर गर्दी आहे की नाही, हे तेथून जाणाऱ्या इतरांच्या फोनांच्या वेगावरून ठरते. २०२० साली बर्लिनच्या एका कलावंताने हातगाडीत ९९ फोन घातले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्यावरून सावकाश ओढीत नेली. नकाशाने त्या रिकाम्या रस्त्यावर मोठी कोंडी झाल्याचे दाखविले! हिशेब चोखच होता. खोटी होती ती हिशेबात घातलेली माहिती. दुधातच पाणी असेल, तर माप कितीही बिनचूक धरले तरी खवा कमीच पडणार.

येथवर हसण्यासारखे झाले. आता पुढचे ऐका.

जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पुण्याकडचे तिघेजण कळसूबाईच्या शिखराकडे निघाले होते. रात्रीची वेळ होती. नकाशाने अकोले तालुक्यातील एका पुलाची जवळची वाट दाखविली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तो पूल वर्षातील काही महिने बुडालेला असतो. हे त्या पंचक्रोशीतील लहान पोरालाही ठाऊक, पण नकाशाला ठाऊक नव्हते आणि रस्त्यावर तशी पाटीही नव्हती. गाडी पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालविणारा मात्र बुडून गेला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवर असेच घडले. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. नकाशात मात्र पूल अखंड होता. गाडी अर्ध्या पुलावरून खाली कोसळली आणि तिघांचा प्राण गेला. आता सांगा, हा दोष एकट्या नकाशाचा का? तुटलेल्या पुलाच्या तोंडावर भक्कम अडथळा असता, तर यंत्राने काहीही सांगितले तरी गाडी तेथेच थांबली असती.

जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूर येथे एक महिला रात्री एकटीच गाडी चालवीत उलव्याकडे चालली होती. वाट पुलावरून जाण्याची, पण गाडी गेली पुलाखालच्या रस्त्याने आणि धक्क्यावरून थेट खाडीत पडली. सागरी पोलिसांनी तिला वाचविले. सपाट नकाशात वरचा पूल आणि खालचा रस्ता या दोन रेघा एकमेकींवरच येतात, हे आपण ध्यानात ठेवावे. तसेच डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेले बिहारचे एक कुटुंब बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या भीमगड जंगलात जाऊन अडकले. फोनची रेंज गेली आणि रात्र गाडीतच काढावी लागली. सकाळी काही मैल चालून रेंज मिळाली, ११२ क्रमांकावर फोन लागला, तेव्हा सुटका झाली.

हे सगळे ऐकून एखादी म्हणेल, "नकोच तो नकाशा! पूर्वी माणसे विचारीत विचारीत काशीला जात होतीच की!" भगिनींनो, मी तसे म्हणणार नाही. वाट विचारणे पुरुषाला सोपे होते. तो एस. टी. स्टँडवर उतरला, पानपट्टीवर चौकशी केली आणि चालू लागला. आपल्या आईला, आजीला असे कोठे जाता येत होते? बरोबर दीर हवा, भाऊ हवा, निदान दहा वर्षांचा मुलगा तरी हवाच! अनोळखी शहरात तिन्हीसांजेला, कोणा परक्या माणसाला पत्ता न विचारता, आपली लेक आज वसतिगृह शोधते, दवाखाना गाठते, नोकरीच्या मुलाखतीला वेळेवर पोहोचते. आपण कोठे आहोत, हे आईला घरबसल्या दाखविते. हे स्वातंत्र्य तिला या नकाशाने दिले आहे. ते कोणी काढून घेऊ म्हटले, तर मी पहिली आडवी येईन. म्हणूनच त्या नकाशात आपल्या भागाची माहिती खरी असावी, अशी माझी तळमळ आहे. उद्या त्याच्या भरवशावर आपल्या गावी येणारी मुलगी कोणाची तरी लेकच असणार आहे.

आता आपल्या कुंडलचा विचार करू. आपल्या तालुक्यात एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला येरळा, आणि ब्रह्मनाळला दोघींची भेट. २०१९ आणि २०२१ साली महापुराने काय केले, ते आपण विसरलेलो नाही. उन्हाळ्यात ज्या बंधाऱ्यावरून मोटारसायकली पलीकडे जातात, त्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढतात आणि नदी चढली की तो बंधारा पाण्याखाली जातो. नकाशाला मे महिना आणि ऑगस्ट महिना सारखाच. पाणंदीचेही तेच. उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि उसाच्या हंगामात समोरून ट्रॉली आली तर मागे सरकावयासही जागा नाही. आमच्याकडे एका लग्नाला आलेली पाहुण्यांची गाडी अशीच जवळच्या वाटेने उसात शिरली होती. पुढे रस्ता नाही आणि वळावयास जागा नाही. शेवटी ट्रॅक्टर लावून ती मागे ओढली. अक्षता पडून गेल्या, पंगतही उठली, तेव्हा पाहुणे हातपाय धूत होते!

वाटांची माहिती म्हणजे काय बळ असते, ते या गावाला वेगळे सांगावयास नको. प्रतिसरकारच्या काळात इंग्रज सरकारपाशी नकाशे होते, मोटारी होत्या, पोलीस होते. तरी ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीला रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला आणि माणसे रानावनांत दिसेनाशी झाली. कोणता ओढा कोणत्या महिन्यात उतरून जाता येतो, कोणत्या बांधावरून रात्री चालता येते, हे गावोगावच्या माणसांना तोंडपाठ होते. भाकरी देणाऱ्या आणि आसरा देणाऱ्या घरांतील बायकांनाही ते ठाऊक होते. एवढे ज्ञान आपल्या आजीपाशी होते. ते तिच्याबरोबर जाऊ द्यावयाचे का?

शिवाय आपण बायका दोन गावांच्या. माहेरची वाट आपल्याला ठाऊक, सासरचीही ठाऊक. पंचमीला कोणत्या रस्त्याने यावे आणि दिवाळीला कोणत्या, हे आपण वर्षानुवर्षे जाणतो. या मंडळातील सर्वजणींची माहेरे मोजली, तर अर्धा जिल्हा येथेच बसलेला आहे! म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली. पाण्याखाली जाणारे बंधारे, ठेंगणे पूल आणि पावसाळ्यात बंद होणाऱ्या पाणंदी यांची यादी आपण सर्वजणींनी मिळून करावी. ती ग्रामपंचायतीला देऊन तेथे पाट्या लावण्याची मागणी करावी. पाटी रात्रीही दिसेल अशी असावी, आणि जेथे धोका मोठा तेथे पाटीबरोबर अडथळाही असावा.

दुसरी. फोनमधील नकाशात रस्ता चुकीचा असल्यास किंवा बंद असल्यास तसे कळविण्याची सोय असते. आपल्या शाळा-कॉलेजांतील मुलींना ती उत्तम येते. त्यांना आजीशेजारी बसवावे. आजीने सांगावे आणि नातीने कळवावे.

तिसरी. लग्नाच्या पत्रिकेत वधूवरांच्या आत्यामामांची नावे आपण रांगेने छापतो. त्यातच एक ओळ वाटेची छापावी, अमक्या फाट्याने यावे, अमक्या बंधाऱ्याने येऊ नये. मामांची त्याला हरकत नसावी.

आणि प्रवासाला निघताना एवढे पाळावे. पहिले वळण पाहून निघू नये, सबंध वाट एकदा नजरेखाली घालावी. जंगलातून किंवा घाटातून जावयाचे असल्यास नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. मग रेंज गेली तरी तो दिसतो. रात्री दहा मिनिटे वाचविण्यासाठी अनोळखी आडवाट धरू नये. रस्ता पाण्याखाली गेलेला दिसला, तर नकाशा काहीही म्हणो, गाडी तेथेच थांबवावी. अडचण आलीच, तर ११२ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

आपल्या दारावरून एखादी परकी गाडी बंधाऱ्याकडे वळताना दिसली, तर हातातले काम टाकून तिला हटकण्याइतकी सवड आपण काढावी. आत कोण आहे, कोठले आहे, हे नंतर पाहता येईल. "पुढे पाणी आहे, इकडून जा," एवढे चार शब्द त्यांच्या कानी वेळेवर पडले पाहिजेत.

 यादीचे काम पहिला पाऊस येण्यापूर्वी हातावेगळे व्हावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.