हिमवाट आणि लहान ट्रॅक्टर

ट्रॅक्टर म्हटला की आपल्याकडील मनुष्याच्या मनात प्रथम जमीन येते. नांगरट, चिखलणी आणि उसाची वाहतूक ही त्याची नेहमीची कामे. परंतु अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात असेही पुष्कळ लहान ट्रॅक्टर आहेत की, ज्यांची खरी परीक्षा शेतात होत नसून जानेवारीतील एखाद्या पहाटे, घराच्या दारापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतच्या वाटेवर होते. टोरांटो, डेट्रॉइट, बॉस्टन या शहरांच्या परिसरात आज मराठी कुटुंबे स्थायिक आहेत. त्यांपैकी जे कोणी शहराबाहेर मोठ्या आवारात राहावयास जातील, त्यांच्यापुढेही हा प्रश्न उभा राहणारच.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी मिशिगन राज्यातील किवीनॉ द्वीपकल्पाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. हे द्वीपकल्प सुपीरियर सरोवरात दूरवर शिरलेले आहे. कॅनडाकडून येणारा कोरडा व अतिथंड वारा सरोवराच्या, त्या मानाने उबदार असलेल्या, पाण्यावरून वाहताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावरील उंचवटा चढताच ते हिमाच्या रूपाने टाकतो. अरबी समुद्रावरून येणारा वारा आंबोलीचा घाट चढताना पावसाचे जे करतो, तेच हा वारा हिमाचे करतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात किवीनॉमध्ये एकूण ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट हिम पडल्याची नोंद आहे. एवढे सगळे एकाच वेळी पडत नाही हे खरे. परंतु एका रात्रीत फूटभर पडणे ही तेथे नवलाची गोष्ट नव्हे.

सार्वजनिक रस्ता मोकळा करणे हे शासनाचे काम. त्याची मोठी यंत्रे येतात आणि रस्ता साफ करून जातात. घराची खासगी वाट मात्र घरमालकाची. शिवाय रस्ता साफ करणारे यंत्र जाता जाता त्या वाटेच्या तोंडाशी घट्ट हिमाचा एक बांध टाकून जाते, तो निराळाच.

आता थोडा हिशेब करू. वाट दीडशे मीटर लांब व तीन मीटर रुंद आहे आणि तीस सेंटिमीटर हिम पडले आहे असे धरले, तर त्याचे आकारमान १३५ घनमीटर होते. ताज्या, भुसभुशीत हिमाचे वजन घनमीटरला सुमारे शंभर किलो धरावे. म्हणजे एका रात्रीत साडेतेरा टन ओझे दारात येऊन पडले! हिम ओलसर असेल तर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. हे फावड्याने उपसणे तरुणालाही जड जाते. उतारवयाच्या मनुष्याच्या तर ते जिवावर बेतू शकते. कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्याच वेळी हृदयावर एकाएकी श्रमाचा भार पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरावर व परिसरावर जे हिमवादळ आले, त्यात चाळीसहून अधिक माणसे दगावली. हिम उपसताना हृदयविकाराचा झटका आलेले लोक त्यांत होते, आणि वैद्यकीय मदत वेळेवर न पोहोचलेलेही होते. त्या वादळात सार्वजनिक रस्तेच बंद पडले होते. एरवी मात्र रस्ता काही तासांत खुला होतो आणि रुग्णवाहिका अडते ती घरापुढच्या शेवटच्या दीडशे मीटरवर.

म्हणून ट्रॅक्टर घेण्याचे ठरते. बाजारात गेल्यावर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती अश्वशक्तीचा?’ असा असतो. वास्तविक हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. पहिला प्रश्न असा: वाटेवरून काढलेले हिम जाणार कोठे?

हिम दूर करण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, पात्याने ढकलून बाजूला सारणे. पाते स्वस्त, साधे आणि जलद असते. ओल्या, चिकट हिमाला तर तेच बरे. परंतु ढकललेले हिम कडेला साचते, गोठते आणि पुढच्या खेपेस पात्याला आत ढकलते. जेथे हिवाळाभर हिम वितळत नाही, तेथे डिसेंबरात तीन मीटर असलेली वाट फेब्रुवारीपर्यंत गल्लीएवढी होते. दुसरा मार्ग स्नो-ब्लोअरचा. त्यातील फिरता मळसूत्री दांडा हिम गोळा करून आत ओढतो आणि फिरती पाती ते एका धुराड्यासारख्या नळीतून दूर भिरकावतात. क्विबेकमधील आर्थर सिकार्ड याने १९२५ मध्ये असे यंत्र सिद्ध केले, त्यामागची गरज हीच होती. हिम दूर फेकले गेल्याने कडेला भिंती वाढत नाहीत. म्हणून तुरळक हिमाच्या प्रदेशात पाते पुरे होते. किवीनॉसारख्या ठिकाणी, आणि वाटेच्या दुतर्फा झाडी किंवा कुंपण असेल तर, ब्लोअरच हवा. मात्र हिम सार्वजनिक रस्त्यावर टाकता येत नाही. मिशिगनमध्ये त्यास कायद्याने मनाई आहे.

ब्लोअर पुढे लावावा की मागे, हा त्यानंतरचा विचार. मागे लावलेला ब्लोअर ट्रॅक्टरच्या नेहमीच्या पी.टी.ओ. दांड्यावर चालतो, जोडणी सोपी असते आणि किंमतही कमी पडते. पण चालकाला मान मागे वळवून दीडशे मीटर उलटे जावे लागते. एखाद्या दिवशी ते चालते. हिवाळ्यात तीस-चाळीस वेळा मानेचा तो पीळ सोसवत नाही. पुढचा ब्लोअर महाग, परंतु समोर पाहून काम करता येते. साठीच्या घरातील मालकाने येथे पैसे वाचवू नयेत.

ब्लोअर ठरला की ट्रॅक्टर ठरविणे सोपे. ब्लोअरची रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांबाहेर थोडी तरी आलीच पाहिजे. नाहीतर चाके न काढलेल्या हिमावरून जातात आणि ते दाबून दगडासारखे करतात. वीस ते पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला साधारण साडेचार ते पाच फुटी ब्लोअर शोभतो. यासाठी पाहावयाची ती पी.टी.ओ.वर मिळणारी शक्ती. इंजिनाचा आकडा नेहमी तिच्याहून मोठा असतो. गिअर न बदलता पायाच्या दाबाने वेग कमी-जास्त करता येणारी हायड्रोस्टॅटिक पद्धती या कामी फार सोयीची आहे. कारण हिमाच्या जाडीप्रमाणे क्षणोक्षणी वेग बदलावा लागतो आणि ब्लोअरचे फिरणे मात्र एकसारखे ठेवावे लागते.

शक्तीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पकड. चारही चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर असावा, हे उघड आहे. परंतु लहान ट्रॅक्टर वजनाने हलका. त्यात पुढे ब्लोअर किंवा लोडर लावला की मागची चाके आणखी हलकी होतात. म्हणून मागे वजन जोडतात किंवा टायरमध्ये द्रव भरतात. नुसते पाणी गोठेल. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण गोठत नाही, पण गळले तर चाकाचे लोखंड खाते. साखरेच्या बीटापासून निघणारा, मळीच्या जातीचा एक जड द्रव यासाठी वापरतात. तो कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही व लोखंडाला अपाय करीत नाही. याखेरीज बर्फाळ वाटेवर चाकांना साखळ्या लागतात. उताराची वाट असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. म्हणून उतरतानासुद्धा चारही चाकांची जोडणी चालू ठेवावी, म्हणजे पुढच्या चाकांचीही रोखण्यास मदत होते.

वाट खडीची असेल, तर ब्लोअरखालील सरकपट्ट्या इंचभर खाली करून यंत्र जमिनीपासून उचललेले ठेवतात. पहिले हिम दाबून गोठू दिले, की खडीवर एक टणक थर तयार होतो आणि दगड उडत नाहीत. वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या ऑक्टोबरातच ठोकून ठेवतात. सगळीकडे पांढरे झाल्यावर कड कोठे आणि चर कोठे हे कळत नाही. अतिथंडीत डिझेलमधील मेण जमते व इंजिन सुरू होत नाही. त्यासाठी हिवाळी डिझेल आणि इंजिन तापविणारी विजेची सोय हवी. गाडीखान्याचे दार बंद ठेवून इंजिन कधीही चालू करू नये.

एक सूचना मात्र कितीही वेळा दिली तरी जास्त होणार नाही. ब्लोअरची नळी ओल्या हिमाने तुंबते. तुंबली की हात आत घालण्याचा मोह होतो. पी.टी.ओ. सोडून, इंजिन बंद करून, सगळे फिरणे थांबल्यावरही तेथे काठीच घालावी, हात घालू नये. कारण अडकलेल्या पात्यांत ताण उरलेला असतो आणि हिम मोकळे होताच ती गर्रकन फिरतात. असे करताना अनेकांनी बोटे गमावली आहेत.

राहता राहिला कारखान्याच्या नावाचा प्रश्न. नारिंगी कुबोटा, हिरवा जॉन डिअर की तांबडा महिंद्र, यावर तिकडे वाद रंगतात. कांदिवलीत ज्याची परंपरा १९६३ पासून चालत आली, तो महिंद्र ट्रॅक्टर १९९४ पासून अमेरिकेच्या बाजारात आहे. यांतील कोणताही चांगला असू शकेल. निवड करावी ती जवळच्या दुरुस्तीच्या दुकानावरून. यंत्र मोडते ते वादळाच्या दिवशीच, आणि त्या दिवशी शंभर मैलांवरचा भाग उपयोगाचा नसतो. खर्चही हजारो डॉलरचा आहे. ज्याला उन्हाळ्यात गवत कापणे, लाकूड ओढणे, माती हलविणे ही कामे नाहीत, त्याने एखाद्या कंत्राटदाराशी हंगामाचा करार करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मात्र कंत्राटदार आपल्या सवडीने येतो, हे धरून चालावे.

तात्पर्य, आधी हिमाची जागा, मग यंत्र, मग रुंदी, मग पकड आणि सर्वांत शेवटी अश्वशक्ती, असा हा क्रम आहे. आणि खरेदी करावयाची ती उन्हाळा संपता संपता. म्हणजे पहिल्या हिमापूर्वी ब्लोअर जोडून, कोरड्या वाटेवर चालवून पाहण्यास अवधी मिळतो. त्या वाटेने पुढे कोणाला दूध आणावयाचे असते, कोणाला शाळेस जावयाचे असते, आणि एखाद्या रात्री डॉक्टरलाही आत यावयाचे असते.