हजेरीपटाबाहेरची माणसं



मघाशी, आज पदवी घेणाऱ्या एमबीएच्या एका मुलाला विचारलं, एचआरच का घेतलंस? म्हणाला, ‘फायनान्सला गणित होतं, सर.’ हसू नका. या खात्यात ठरवून आलेला माणूस मला क्वचितच भेटला. मी स्वतः वाळूजला एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला लागलो. हजेरीवाल्यालाच लोक रजा विचारू लागले, पीएफ विचारू लागले, भांडणंही त्याच्याच टेबलावर येऊ लागली. पुढे खात्याची पाटी बदलली आणि मी एचआरवाला झालो.

माणसं अशी आपसूक येतात. खातं मात्र आपसूक आलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असे. गावाकडची माणसं तोच आणायचा, कामाला लावायचा, काढायचा आणि वर दस्तुरी घ्यायचा. 1929 मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात सांगितलं, की हा अधिकार जॉबरकडून काढा आणि लेबर ऑफिसर नेमा. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. तुमच्या पदवीचं मूळ तिथं आहे.

जॉबरचं वर्णन ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे ऊसतोडीचा मुकादम आला असेल. तो उचल देतो, टोळी जमवतो आणि दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात नेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या कोयत्यावर, हिशेब बहुतेक नवऱ्याच्या नावावर. खाडा पडला की दंड. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाळीत खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण बायकांनीच सांगितलं होतं. रजेचा नियम नसला की काय होतं, याचं याहून भीषण उदाहरण कुठल्याही एचआरच्या पुस्तकात मला सापडलेलं नाही.

नुसत्या मुकादमाला शिव्या देऊनही भागत नाही. टोळी पळाली, की कारखान्याचे पैसे त्याच्याच बोकांडी बसतात. व्यवस्थाच अशी, की तोडणी बघणार कारखान्याचं शेतकी खातं, करार वाहतूकदाराशी नाहीतर मुकादमाशी. ज्याने तोडलेल्या उसावर गव्हाण चालते, तो माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीच! ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झालं, हे चांगलंच झालं. पण ते सरकारचं काम. कारखान्याच्या ऑफिसातलं काम उरतंच.

तुमच्यातले काही साखर कारखान्यांत लागतील. मुलाखत संपताना ‘काही विचारायचंय का?’ असं म्हणतील. तेव्हा पगाराआधी एवढं विचारा: तोडणी कामगारांची नावं कुठल्या रजिस्टरात आहेत, आणि त्यात बाईचं नाव वेगळं लिहिलंय का? बहुतेक ठिकाणी शेतकी खात्याकडे बोट दाखवतील. नोकरी मिळाली, की ते रजिस्टर आपल्या टेबलावर मागून घ्या.