मुलांची भाषा मुलांकडून



परमुलखात गेलेल्या कुटुंबातल्या मुलांच्या भाषेची चर्चा निघाली की ती दोनच जागांभोवती फिरते. घरात काय बोलायचं आणि शाळेचं माध्यम कोणतं. शाळा सुटल्यावरचं मैदान राहूनच जातं. माझ्या मते निकाल तिथे लागतो.

ज्युडिथ रिच हॅरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे ठणकावून मांडलं. त्या केम्ब्रिजला, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या, एका रशियन जोडप्याच्या घरात भाड्याने राहत. आईबापांचं इंग्रजी मोडकंतोडकं, घरात बोलणं रशियनमध्ये, आणि पोरांचं इंग्रजी मात्र थेट गल्लीतल्या पोरांसारखं. मुलं आईबापांची नक्कल करत वाढतात, हे मानसशास्त्राचं लाडकं गृहीतक बाईंनी १९९८च्या ‘द नर्चर असम्प्शन’मध्ये मोडीत काढलं. आईबापांचा प्रभाव त्यांनी जरा जास्तच पुसून टाकला, असं मला वाटतं. पण भाषेपुरतं त्यांचं म्हणणं खोडणं अवघड आहे.

आता इंग्लंडला जाऊ. मध्य इंग्लंडमधल्या एका गावात पंजाबी, कॅरिबियन आणि गोरी मुलं एकत्र वाढत होती. १९८०च्या दशकात बेन रॅम्प्टन या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचं बोलणं टिपलं. त्यावरचं ‘क्रॉसिंग’ हे पुस्तक १९९५मध्ये आलं. तिथली गोरी आणि कृष्णवर्णीय पोरं मैदानावर पंजाबी बोलत होती. किती? चेष्टामस्करीपुरती, पकडापकडीच्या खेळापुरती, आणि अर्थातच शिव्या. पंजाबी पोरांनी उलट कॅरिबियन क्रिओल, म्हणजे मिश्रणातून घडलेली बोली, उचलली होती, कारण त्या बोलीत रुबाब होता. यातलं काहीच कुणा मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं.

लंडनच्या हॅकनी भागात तर याहून नवल घडलं. जेनी चेशायर, पॉल कर्सविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४पासून तिथल्या मुलांच्या बोलण्याचा अभ्यास केला. जुना कॉकनी माणूस, म्हणजे पूर्व लंडनचा अस्सल रहिवासी, ‘ह’ गिळतो. तो ‘अ‍ॅकनी’ म्हणणार. नवी मुलं ‘ह’ स्वच्छ उच्चारतात, स्वरही वेगळे काढतात. जमैका, बांगलादेश, पश्चिम आफ्रिका, अशा कुठकुठल्या घरांतली ही मुलं. त्यांतली बरीचशी इंग्रजी शिकली ती दुसऱ्या मुलांकडून, आणि त्या मुलांनाही इंग्रजी घरातून मिळालेलं नव्हतं. हुबेहूब गिरवावा असा एकच एक नमुना समोर नाही, म्हणून जे हाती लागलं त्यातून त्यांनी आपलं लंडनचं इंग्रजी घडवलं. ज्या गोऱ्या मुलांचे दोस्त नाना वंशांचे होते, तीही तसंच बोलू लागली. वृत्तपत्रांनी ‘जफेकन’, म्हणजे नकली जमैकन, म्हणून या इंग्रजीची टिंगल केली. ती निव्वळ अडाणीपणाची होती.

पण मैदान देतं तसं घेतंही. सवंगडी नाना भाषांचे असतील तर मुलाच्या तोंडी दोन-तीन भाषा खेळतात; सगळे एकाच भाषेत बोलत असतील तर घरची भाषा मागे पडते. मॉरिशसमध्ये हे आपल्याच माणसांचं झालं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांनी गणेश चतुर्थी टिकवली, आज तिथे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. शाळांत मराठी शिकवलीही जाते. पण गल्लीत सगळ्यांची भाषा तिथली क्रिओल, आणि पुढे बहुतेक घरांतही तीच आली.

म्हणून परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांना मी विचारतो, तुमची मुलं मधल्या सुट्टीत कोणत्या भाषेत भांडतात? उत्तर इंग्रजी असेल तर बाराखडीचा तास वाढवून फारसं साधणार नाही. त्यापेक्षा मे महिन्यात त्यांना कोकणात नाहीतर साताऱ्याकडे आजोळी पाठवा, मामे-मावस भावंडांच्या घोळक्यात सोडा, आणि मोठ्यांनी मधे पडू नका. परत येताना ती चार शिव्याही घेऊन येतील, तेवढ्याची तयारी ठेवा.