वर्दी उतरवलेला ठाणेदार



ऑस्कर ब्लेकटन हा ॲशफर्डली पोलीस ठाण्याचा सार्जंट. आपल्या वऱ्हाडात त्याला ठाणेदार म्हटलं असतं. शिस्तीचा कडक, बोलायला फटकळ, हाताखालच्या शिपायांना दिवसभर धावतं ठेवणारा. क्लॉड ग्रीनग्रास नावाचा एक म्हातारा भुरटा आल्फ्रेड नावाचं कुत्रं सोबत घेऊन गावभर हिंडायचा, तो ब्लेकटनचा जन्माचा वैरी. पुढं ब्लेकटनच्या हृदयानं दगा दिला आणि वर्दी उतरवावी लागली. त्यानं आधी गावचं पोस्ट चालवायला घेतलं आणि नंतर गावातला पब. ज्यांना वर्षानुवर्षं दमात घेतलं, त्याच गावकऱ्यांच्या पुढ्यात तो बिअरचे ग्लास भरून ठेवू लागला.

हे सारं घडलं ‘हार्टबीट’ या मालिकेत. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ती 10 एप्रिल 1992 रोजी सुरू झाली आणि 2010 मध्ये संपली. 18 पर्वं, 372 भाग. काळ 1960च्या दशकातला आणि गाव कल्पनेतलं, यॉर्कशायरच्या माळरानावरचं एडन्सफील्ड. चित्रीकरण मात्र गोथलंड या खऱ्या खेड्यात झालं. ब्लेकटनचं काम डेरेक फोल्ड्स यांनी केलं. ‘येस मिनिस्टर’मधला मंत्र्याचा अदबशीर खासगी सचिव बर्नार्ड म्हणजे हेच गृहस्थ. 2020 साली ते गेले. मालिकेत तरुण पोलीस नायक येत गेले, जात गेले. ब्लेकटन मात्र पहिल्या पर्वापासून शेवटपर्यंत टिकला. प्रेक्षकांनी त्याला अधिकारी म्हणून जेवढं मानलं, तेवढंच पबमालक म्हणूनही आपलं मानलं, आणि या मालिकेचं खरं यश तिथं आहे.

गल्ल्यामागचा ब्लेकटन पाहण्यासारखा आहे. इंग्लंडात त्या काळी पब रात्री कधी बंद करायचा हे कायद्यानं ठरलेलं असे. वेळ टळून गेल्यावर कुणी पीत बसलेलं दिसलं, तर पोलिसांनी मालकाला जाब विचारायचा. परवाना ज्याच्या नावावर, त्याचं नाव दारावर लिहिलेलं. जो माणूस दुसऱ्यांच्या दारावरची अशी नावं तपासत फिरला, त्याचंच नाव आता पबच्या दारावर. समोर गिऱ्हाईक आहे, गल्ल्यात पैसे यायला हवेत, घड्याळाचा काटा पुढं सरकतो आहे आणि आत कुठंतरी जुना सार्जंट जागाच आहे. गावात चोरी झाली की ग्लास पुसता पुसता त्याचे कान टवकारतात. नव्या सार्जंटच्या कामात तो नाक खुपसतो आणि त्या बिचाऱ्याला ते मुळीच रुचत नाही. लेखकाला यापरतं आणखी काय लागतं?

ज्या पुस्तकांवरून ही मालिका निघाली, ती लिहिणारे पीटर वॉकर स्वतः यॉर्कशायरच्या पोलीस दलात नोकरी करून निवृत्त झालेले. निकोलस ऱ्ही या टोपणनावानं त्यांनी गावच्या शिपायाच्या गोष्टी लिहिल्या. हरवलेली मेंढी, शेजाऱ्यांचा बांधावरून तंटा, जत्रेतली मारामारी, परवाना नसलेली बंदूक, असला रोजचा माल त्यांत आहे. खून क्वचितच. पोलीस गावात राहतो, गावाच्या पाण्यावर जगतो आणि एक दिवस त्याच गावात म्हातारा होतो, हे ठाऊक असलेल्या माणसाची ती लेखणी होती.

ब्रिटनच्या लोकप्रिय मालिकांत पब मध्यभागी असणं हा योगायोग नाही. 9 डिसेंबर 1960 पासून चालू असलेल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’मध्ये ‘रोव्हर्स रिटर्न’ आहे, 1985 साली सुरू झालेल्या ‘ईस्टएंडर्स’मध्ये ‘क्वीन व्हिक’ आहे. बीबीसी रेडिओवरची ‘द आर्चर्स’ तर 1 जानेवारी 1951 पासून देशभर ऐकली जाते. महायुद्धानंतरच्या टंचाईत शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचावी म्हणून ती सुरू झाली. तिच्यातल्या अँब्रिज गावातला पब म्हणजे ‘द बुल’. रोज चालणाऱ्या गोष्टीला अशी एक जागा लागतेच. भांडलेले भाऊ, सरपंच, शिपाई, नुकतीच नोकरी गेलेला तरुण, यांतली कुठलीही दोन माणसं काही निमित्त नसताना तिथं समोरासमोर यावीत. दिवाणखान्यात हे जमत नाही. तिथं यायला नातं लागतं.

आपल्या मराठी मालिका मात्र दिवाणखान्यातच वाढल्या. ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून 11 वर्षांच्या आसपास चालली आणि तिचे 3000हून अधिक भाग झाले. त्याही आधी मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’नं टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत यांना घराघरांत नेलं. घराच्या चार भिंतींत गोष्ट रंगवण्यात मराठी लेखकांचा हात धरणारं कुणी नाही. पण पोलीस त्या घरात येतो तो बेड्या घेऊन आणि जातो तो आरोपीला घेऊन. मधल्या वेळात तो कुठं राहतो, काय खातो, निवृत्त झाल्यावर कुठं जातो, याची विचारपूस कुणी करत नाही.

दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांनी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली. पोलीस नियंत्रण कक्षाला तेव्हा लावायचा क्रमांक तिचं नाव झाला. तिच्यात काम केलेले शिवाजी साटम मूळचे बँकेतले नोकरदार. पुढं याच जोडीची हिंदी ‘सीआयडी’ 21 जानेवारी 1998 रोजी सुरू झाली आणि 2018 पर्यंत अखंड चालली. साटमांचे एसीपी प्रद्युम्न इतकी वर्षं वर्दीशिवाय वावरले, पण निवृत्त काही झाले नाहीत. 20 वर्षं चाललेल्या मालिकेत एखादा भाग तरी असा हवा होता, ज्यात हा माणूस पेन्शनच्या कागदांवर सह्या करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करावं हे त्याला सुचत नाही.

पोलीस आणि दुकान एका छपराखाली आणण्याचं काम स्टार प्रवाहवरच्या ‘फुलाला सुगंध मातीचा’नं केलं. 2020 साली ती आली. नवरा शुभम मिठाईच्या दुकानावर बसतो आणि बायको कीर्ती पोलीस अधिकारी होण्याच्या जिद्दीनं शिकते. मूळ कल्पना ‘दिया और बाती हम’ या हिंदी मालिकेची. तरीही मराठी घरात गल्ला आणि खाकी शेजारी शेजारी बसलेली तिथं दिसली, आणि लोकांना ती आवडली.

निवृत्त पोलिसाचं सर्वांत करडं चित्र मात्र सिनेमात आहे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून गोविंद निहलानींनी 1983 मध्ये ‘अर्धसत्य’ काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा अनंत वेलणकर सर्वांच्या लक्षात आहे. त्याचा बाप, म्हणजे अमरीश पुरींनी उभा केलेला गावाकडचा निवृत्त पोलीस, तितकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे. नोकरी संपली तरी त्याचा हात आणि आवाज पोलिसाचाच राहिलेला. अनंत लहान असताना बाप आईवर हात उचलायचा, तेव्हा तो पाहत राहिला आणि काही करू शकला नाही. पुढं मुलाच्या मनाविरुद्ध त्याला पोलिसात घातलं तेही यानंच. वर्दी उतरते पण माणसातून ती निघत नाही, हे तेंडुलकरांनी दोन-चार प्रसंगांत दाखवलं. मालिकावाल्यांनी हा धागा उचलायला हवा होता. 40 वर्षांत तो कुणी उचलला नाही, याची हळहळ वाटते.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडं निवृत्त ठाणेदार बार चालवतो असं दाखवलं, तर बायाबापड्या टीव्ही बंद करतील. त्यात तथ्य आहे, आणि त्याचं कारण आपल्या गावांच्या अनुभवात आहे. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा. प्यायला परवाना लागतो, म्हणूनच आपल्या बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असं लिहिलेलं असतं. विदर्भात वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ या चिन्हावर शिक्का मारला, तर तिथलं दुकान बंद होतं. दारूनं ज्या बाईचा संसार उधळला, तिला पबचं ते उबदार चित्र कुठून आपलं वाटावं? एडन्सफील्डचा पब जसाच्या तसा उचलून बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात ठेवला, तर तो खोटाच दिसेल.

पोलीस आणि बार यांची आपल्याकडची सर्वांत गाजलेली गाठ गोव्यात पडली, तीही वेगळ्या कारणानं. कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज 16 मार्च 1986 रोजी पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तिहार तुरुंगातून पळाला. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे त्याच्या मागावर गोव्यात पोचले. 1971 मध्ये त्यांनीच त्याला मुंबईत पकडलं होतं, त्यामुळं चेहरा ओळखीचा. पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या रेस्टॉरंटमध्ये झेंडे आणि त्यांचे सहकारी साध्या वेशात गिऱ्हाइकांसारखे बसून राहिले. 6 एप्रिलला शोभराज आला आणि तिथंच पकडला गेला. पुढं त्या रेस्टॉरंटात शोभराजचा पुतळा बसला. पकडणाऱ्या मराठी अधिकाऱ्यावर सिनेमा निघायला मात्र 2025 साल उजाडावं लागलं. चिन्मय मांडलेकरांनी ‘इन्स्पेक्टर झेंडे’ केला, मनोज बाजपेयींनी झेंडे रंगवले. गुन्हेगाराचा पुतळा आधी आणि पोलिसाची गोष्ट चार दशकांनी, हा क्रम बरा नव्हे.

मग आपला ब्लेकटन कुठं शोधायचा? बुलढाणा जिल्ह्यात तो गावोगाव आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे सडकेवर धावणारी पोरं इथल्या कुठल्याही गावात दिसतात. त्यांच्यातला जो भरती होतो, तो वयाच्या 58व्या वर्षी जमादार किंवा फौजदार होऊन परत येतो. नोकरीत असताना सेवा नियमांमुळं त्याला धंदा करता येत नव्हता, आता येतो. कुणी शेती पाहतो, कुणी किराणा टाकतो, कुणी फाट्यावर चहाचं हॉटेल काढतो. आपल्याकडं पबचं काम हे हॉटेलच करतं. सकाळी भजी-मिसळीचा वास सुटला की तलाठ्याकडं आलेला शेतकरी, एसटीची वाट पाहणारी लेकुरवाळी, उधारी मागायला आलेला खतवाला, सारे एकाच बाकावर बसतात. लेखकाला हवी असलेली जागा ती हीच.

या गोष्टीत आणखी एक माणूस आपोआप येतो, आणि तो इंग्रजांच्या मालिकेत नाही. तो म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 सालचा. त्या कायद्यानं पोलीस पाटलाला गावात शेती किंवा छोटा धंदा करायची मुभा ठेवली आहे. म्हणजे एक माणूस वर्दी उतरवून धंद्यात आलेला, दुसरा धंदा सांभाळून पोलिसांचं काम करणारा. दोघं एका गावात राहिले तर कुणाचा शब्द चालणार? ठाण्यातून फोन कुणाला येणार? तंटा मिटवायला लोक कुणाच्या दारात बसणार? नुसत्या या तिढ्यावर वर्षभराची मालिका उभी राहते.

गाव म्हणून मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड या मालिकेला शोभेल. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं हे गाव इतिहासात येतं ते लढायांमुळं. 1437 मध्ये बहमनी सरदार खलफ हसननं खानदेशच्या नसीरखान फारुकीचा पराभव इथं केला. 16व्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहानं जमालखानाला इथंच हरवलं. खुदावंतखानानं 1582 मध्ये बांधलेली मशीद गावात आहे. कोण जिंकलं, कोण पडलं, हे बखरकारांनी लिहून ठेवलं. लढाई संपल्यावर जे शिपाई हत्यार खाली ठेवून इथल्याच काळ्या मातीत नांगर धरून राहिले असतील, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. आपल्या मालिकाही आजवर तेवढंच करत आल्या: चकमक दाखवायची आणि पडदा पाडायचा.

ही गोष्ट लिहायला घेणाऱ्यानं आधी निवृत्त जमादारांपाशी बसावं. सैलानीच्या यात्रेचा बंदोबस्त, शेगावचा प्रकटदिन, सिंदखेडराजाला 12 जानेवारीला लोटणारी गर्दी, देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा. असल्या बंदोबस्तांमुळं सणाच्या दिवशी हा माणूस कधी घरी नव्हता. मुलं कोणत्या वर्गात आहेत हे त्याला बायकोकडून कळायचं. आता तो दिवसभर घरात आहे आणि घराला त्याची सवय नाही. गावात कुणी त्याला अजून ‘साहेब’ म्हणतं, कुणी मुद्दाम म्हणत नाही. ज्याला त्यानं तीन वेळा आत टाकलं, तो हॉटेलवर येऊन कट चहा मागतो आणि पैसे उद्या देतो म्हणतो.

पहिला भाग इथूनच सुरू करावा. आठवड्यातून एकदा, 15 मिनिटं, आकाशवाणीवर, आणि भाषा आपली वऱ्हाडीच ठेवावी. जमादारानं ती उधारी वहीत लिहून घ्यायची की नाही, यावर नवरा-बायकोत पहिलं भांडण होऊ द्यावं. त्याच संध्याकाळी पोलीस पाटलानं एक तक्रार घेऊन हॉटेलवर यावं, आणि ती तक्रार त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध असावी.