पहिली एमटीबी रेस: मागच्या वर्षी मी गेलोच नव्हतो

आज गेस्ट कोणी नाहीये, मी एकटाच आहे. पंखा बंद करून बसलोय, कारण तो माईकमध्ये घरघर करतो. त्यामुळे मध्येच घाम पुसायला थांबलो तर समजून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. माउंटन बायकिंगची पहिली रेस करायची आहे, तयारी कशी करू? आता मी काही कोच नाही. मी दिवसभर कोड लिहितो आणि रात्री अमेरिकेबरोबर कॉल करतो. पण नुकतीच मी माझी पहिली रेस पूर्ण केली, त्यामुळे काय चुकतं ते अजून ताजं आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो. ही रेस मी खरं तर मागच्या वर्षीच करणार होतो. एंट्री भरली होती. आदल्या दिवशी जाऊन छातीवर लावायचा नंबरही आणला होता. रात्री सायकल धुऊन, चेनला तेल घालून ठेवली. पहाटे साडेचारला अलार्म वाजला, मी तो बंद केला आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. सोमवारी ऑफिसात विचारलं सगळ्यांनी, काय झालं रेसचं? म्हटलं, ताप आला होता यार. ताप-बिप काही नव्हता. भीती वाटली होती. आणि ती पडायची भीती नव्हती. शेवटचा यायची होती.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, मी तयारी म्हणून जे केलं होतं ती सगळी खरेदी होती. नवे टायर, नवं हँडल, गॉगल, जर्सी. व्यायाम म्हणाल तर दर रविवारी सिंहगडाचा डांबरी घाट चढायचो आणि मग भजी. मातीच्या उतारावर सायकल घातलीच नव्हती. म्हणजे प्रोजेक्ट लाइव्ह करायच्या आधी मी लॅपटॉपवर छान स्टिकर लावले होते, पण कोड एकदाही रन केला नव्हता. मग पहाटे साडेचारला मन म्हणणारच ना, बाबा, झोप.

तर यावर्षी आठ आठवडे काढले आणि नीट तयारी केली. तेच सांगतो.

आधी रेस म्हणजे काय ते. माउंटन बायकिंगमध्ये बरेच प्रकार आहेत. डाउनहिलमध्ये फक्त उताराची वेळ मोजतात. मॅरेथॉनमध्ये लांब अंतर असतं. नवशिक्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा क्रॉस-कंट्री येते, म्हणजे चढ, उतार, दगड, वळणं असलेला एक लूप आणि त्याच्या ठरावीक फेऱ्या. हीच क्रॉस-कंट्री १९९६ पासून, अटलांटापासून, ऑलिंपिकमध्ये आहे. आमचा लूप पुण्यापासून तासाभरावर होता, ४ किलोमीटरचा, नवशिक्यांना ३ फेऱ्या. एकूण १२ किलोमीटर. हसू नका. मुरमाच्या टेकडीवर १२ किलोमीटर म्हणजे तासाभराचं काम असतं.

आमच्या सोसायटीमागच्या टेकडीवर एक काका सायकल चालवतात. वय पन्नाशीच्या पुढे, बँकेत नोकरी, सायकल माझ्यापेक्षा जुनी. त्यांना म्हटलं, काका, मला शिकवा. मला वाटलं, उड्या मारायला शिकवतील. ते एका उतारावर घेऊन गेले आणि म्हणाले, "अर्ध्यात थांब आणि खाली उतर." मी थांबलो, पाय टेकायला गेलो तो उताराच्या बाजूला, तिकडे जमीनच खाली होती, सायकलसकट आडवा. काका म्हणाले, "अरे, आधी उतरायला शिक. उतरता येत नाही म्हणून माणूस घाबरतो, आणि घाबरला की पडतो."

पहिला आठवडा आम्ही हेच केलं. उतारावर थांबायचं, चढाच्या बाजूचा पाय टेकायचा, उतरायचं, सायकल ढकलत न्यायची, पुन्हा बसायचं. फार बोअर काम. पण त्यानंतर कुठल्याही उताराच्या तोंडाशी उभं राहिलो की डोक्यात एक गोष्ट पक्की असायची, नाही जमलं तर मी उतरू शकतो. अर्धी भीती तिथेच संपली.

मग ब्रेक. आपण लहानपणी शिकलेलो असतो की पुढचा ब्रेक मारला की तोंडावर पडतो. त्यामुळे सगळे मागचाच दाबतात, मागचं चाक लॉक होतं आणि मुरमावर घसरत जातं. खरं तर थांबवायची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो कचकन दाबायचा नसतो, हळूहळू दाब वाढवायचा असतो, तेही चाक सरळ असताना. दोन्ही ब्रेकवर एकेक बोट, बाकीच्या बोटांनी हँडल. आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणात ब्रेक दाबला की घसरलात.

उतारावर उभं कसं राहायचं? दोन्ही पेडल समान उंचीवर, गुडघे आणि कोपरं वाकलेली, बूड सीटवरून उचललेलं. वजन पायांवर, हात हलके. सीट खाली करून घ्या, अडथळा होत नाही. आणि बघायचं चाकाकडे नाही, पुढे पाच-सात मीटरवर. ज्या दगडाकडे टक लावून बघाल, सायकल बरोब्बर त्याच दगडावर जाते. अनुभव आहे.

आता दमाची गोष्ट. मी आठवड्यात तीनच दिवस द्यायचो, कारण नोकरी आहे. मंगळवारी पाऊण तास फक्त स्किल. गुरुवारी चढ: ४ मिनिटं जोरात, बोलता येणार नाही इतका दम लागेल असं, मग ३ मिनिटं अगदी हळू, असं चार वेळा. रविवारी दोन-अडीच तासांची लांब राइड, बोपदेव घाटाच्या बाजूला, पण आरामात. आरामात म्हणजे बाजूच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. माझी जुनी चूक हीच होती, प्रत्येक राइड जीव खाऊन करायचो, मग तीन दिवस पाय उचलत नव्हते. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवला. शेवटच्या आठवड्यात तर सगळं निम्म्यावर आणलं. त्या आठवड्यात हात शिवशिवतात, वाटतं अजून एक घाट मारून येऊ. नको. शेवटच्या चार दिवसांत फिटनेस वाढत नाही, फक्त थकवा वाढतो.

सायकलबद्दल. तुमच्याकडे जी एमटीबी आहे, ती चालते. तिचे ब्रेक धरतात का, गिअर पडतात का, कुठला बोल्ट ढिला आहे का, एवढं मेकॅनिककडून बघून घ्या. हेल्मेट आणि हातमोजे याला पर्याय नाही. यातून पैसे उरले तर गुडघ्याचे गार्ड घ्या. आणि हवा! ही फुकट गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त फरक पाडते. दुकानात टायर ५० पीएसआयपर्यंत टम्म फुगवून देतात. मातीवर असा टायर चेंडूसारखा उडतो, पकड मिळत नाही. माझं वजन ७२ किलो, टायर २.२ इंची, आत ट्यूब. मी कमी करत करत पुढे २६ आणि मागे २९ वर आलो. तुमचा आकडा वेगळा असेल, दोन-दोनने कमी करून बघा. फार कमी केलात तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पंक्चर काढायला शिका, म्हणजे ट्यूब बदलायला. पहिल्यांदा मला घरात, पंख्याखाली, २५ मिनिटं लागली. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, हे दुकानवाला करतो ना?" मी म्हटलं, आई, टेकडीवर दुकानवाला नसतो. दर शनिवारी एकदा चाक काढून लावायचो. शेवटी ९ मिनिटांवर आलो. सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, मल्टिटूल आणि चेन जोडायची क्विक लिंक, फ्रेमला छोटा पंप. बस.

खाण्याचं एकच सूत्र, त्या दिवशी नवीन काही नाही. तासा-दीड तासाच्या रेसला महागड्या जेलची गरज नाही. मी तीन तास आधी पोहे आणि चहा घेतला, सुरुवातीच्या अर्धा तास आधी एक केळं. खिशात दोन राजगिऱ्याच्या वड्या आणि बाटलीत ओआरएस. हे सगळं आधी रविवारच्या राइडला पोटावर टेस्ट करून झालं होतं.

आणि आदल्या दिवशी ट्रॅक बघून या. शक्य असेल तर एक फेरी हळू मारा. अवघड जागा दिसली की थांबा, चालत जाऊन बघा, आणि तिथेच ठरवा: इथून चालवत जाणार की उतरून. मला एक दगडी उतार अजिबात झेपणारा नव्हता. मी तिथेच ठरवलं, इथे उतरायचं. तिन्ही फेऱ्यांना.

आता रेस. सुरुवातीला आम्ही ३४ जण. मी मुद्दाम मागे उभा राहिलो. शिट्टी वाजली आणि सगळे असे सुटले जणू २०० मीटरवर फिनिश आहे. पहिल्या चढावर त्यातले निम्मे धापा टाकत होते आणि मी माझ्या गिअरमध्ये टुकटुक करत सहा-सात जणांना ओलांडलं. गिअर चढाच्या आधी बदला बरं का, चढावर जोर लावून बदललात तर चेन करकरते, कधी कधी तुटते. मागून कोणी "डावीकडून!" ओरडलं तर घाबरू नका, आपली लाइन सरळ धरा, जागा मिळाली की बाजू द्या.

दुसऱ्या फेरीत दमलो. दगडांच्या पट्ट्यात उभं राहायच्या ऐवजी सीटवर बसून राहिलो. मागचं चाक खाडकन आपटलं आणि फुस्स. बघितलं तर दोन भोकं. साप चावला.

तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने अगदी प्रेमाने विचारलं, "दादा, सोडायचंय का? गाडी येईल न्यायला." खरं सांगतो, मला ती पहाट आठवली, साडेचारची. पांघरूण परत समोर आलं होतं.

पॅरिस ऑलिंपिकची, २०२४ ची पुरुषांची क्रॉस-कंट्री तुम्ही बघितली नसेल तर जरूर बघा. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, चाक बदलून तो पुन्हा निघेपर्यंत पुढचे साधारण ४० सेकंद लांब गेले होते, आणि तरी त्याने शेवटी सुवर्णपदक घेतलं. मी काही पिडकॉक नाही. त्याच्याकडे चाक बदलून देणारा मेकॅनिक होता, माझ्याकडे शनिवारची प्रॅक्टिस होती. मी सायकल उलटी केली. हात थरथरत होते, पण हातांना काम माहीत होतं. एकामागून एक सगळे पुढे गेले. ९ मिनिटं.

उरलेली दीड फेरी जवळजवळ एकट्याने मारली. दगडी उताराला उतरलो, ठरल्याप्रमाणे. वेळेची मर्यादा दीड तास होती, मी १ तास २१ मिनिटांत पोचलो. ३४ पैकी २९ जणांनी रेस पूर्ण केली. मी २८ वा.

लोक पांगायला लागले होते. मी पाणी पीत तिथेच थांबलो, कारण माझ्यामागे अजून एक जण होता. थोड्या वेळाने तो आला, कॉलेजचा मुलगा, चेन तुटलेली, सायकल हाताने ढकलत, धावत. शेवटचा. ज्या गोष्टीला घाबरून मी एक वर्ष घालवलं, ती ही अशी दिसते. मातीने लाल झालेला, हसत होता. आम्ही सात-आठ जण होतो तिथे, जीव तोडून टाळ्या वाजवल्या. माझ्या खिशात क्विक लिंक होती. त्याला म्हटलं, आण इकडे, घरी तरी चालवत जा.

सोमवारी ऑफिसात पुन्हा विचारलं, काय झालं रेसचं? म्हटलं, अठ्ठाविसावा आलो. एकाने विचारलं, कितीतून? म्हटलं, एकोणतीस. हसले सगळे. मीही हसलो. मागच्या वर्षी जे सांगितलं होतं त्यापेक्षा हे सांगणं फार सोपं गेलं.

तर मंडळी, दिवाळीनंतर टेकड्या सुकतात, थंडीत रेसेस असतात. एंट्री भरा. आठ आठवडे मोजा. आणि आजच संध्याकाळी सायकलचं मागचं चाक एकदा काढून परत लावून बघा, घड्याळ लावून. २५ मिनिटं लागली तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात. पंखा लावतो आता.