प्रश्न एका गावाचा, उत्तर दुसऱ्या गावाचे



ग्रंथालयांनी एकत्र येऊन चालविलेली ऑनलाइन संदर्भ सेवा, हा आजचा विषय ऐकताच काहींना रुक्ष वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. आपल्यापैकी कित्येकजण कारखान्यात पाळ्यांनी काम करतात. ग्रंथालय उघडे असते तेव्हा ते यंत्रावर असतात आणि ते सुटतात तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते.

संदर्भ सेवा म्हणजे केवळ पुस्तक हाती देणे नव्हे. वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर कोठे आहे ते शोधून देणे, हे तिचे काम. आपल्या देशात या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी. ते मुळात आम्हा शिक्षकांपैकीच, गणिताचे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील एक.

आता कितीही मोठे ग्रंथालय झाले तरी तेथे सर्व विषयांचे जाणकार असणे शक्य नाही. म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० साली अनेक ग्रंथालयांना जोडणारा एक प्रयोग केला. प्रत्येक ग्रंथालयाने आपले बळ आधीच नोंदवायचे: कोणत्या विषयाचा संग्रह चांगला, कोणत्या भाषा येतात, कामाच्या वेळा कोणत्या. प्रश्न आला की संगणक ही नोंद पाहून तो योग्य ठिकाणी धाडी. सुरुवातीचा एक प्रश्न इंग्लंडातून आला, प्राचीन बायझंटाइन स्वयंपाकावरील पुस्तकांविषयी. तो गेला कॅलिफोर्नियातील सांता मोनिका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे! २००२ साली ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेबरोबर ‘क्वेश्चनपॉइंट’ नावाने ही सेवा उभी राहिली. दिलेली उत्तरे तपासून साठवून ठेवीत, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा आला तर शोध पहिल्यापासून करावा लागू नये. २०१९ साली ती स्प्रिंगशेअर या कंपनीकडे गेली.

आपल्याकडे पुस्तकांची देवघेव ग्रंथालयांच्या अंगवळणी पडली आहे. दिल्लीत १९८८ साली सुरू झालेल्या ‘डेलनेट’मुळे एका ग्रंथालयाचे पुस्तक दुसऱ्याच्या वाचकाला मिळते. प्रश्नांची देवघेव मात्र अजून तितकीशी रुळलेली नाही.

समजा, भोसरीतील एका मुलीने विचारले, ‘कारखाना’ हा शब्द आला कोठून? शाळेच्या कपाटात उत्तर नसेल. माधव जूलियन यांचा १९२५ सालचा फार्शी-मराठी कोश पुण्यातील जुन्या ग्रंथालयात असेल; तेथील ग्रंथपालाने त्या पानाचे छायाचित्र पाठविले की काम झाले. मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश तर शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी ऑनलाइन खुला ठेवला आहे. शाइस्तेखानाने १६६० साली चाकणचा किल्ला घेतला, त्याची हकीकत शोधणाऱ्या मुलालाही चाकणमध्ये बसून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वाटेने जाता यावे.

याहून निकडीचा प्रश्न पालकांचा असतो. आयटीआय झालेल्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळेल का? येथे एका चुकीच्या उत्तराने मुलाचे अख्खे वर्ष जाते. फोनला विचारले की झाले, असे मुले म्हणतात. फोन उत्तर देतो, अगदी ठामपणे देतो. पण तो नियम यंदाचा की तीन वर्षांपूर्वीचा, हे अनेकदा कळत नाही. चांगला ग्रंथपाल स्वतःचे मत सांगत बसत नाही. तो तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका काढून पान दाखवितो. माझ्या मते सगळा फरक या पानात आहे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः मुलींसाठी. अशा सेवेत प्रश्न पुढे जावा, विचारणाऱ्याचे नाव जाऊ नये. आजाराविषयी किंवा घरच्या अडचणीविषयी विचारायचे असते तेव्हा नावाच्या धास्तीनेच कित्येक प्रश्न ओठांवर राहतात.

आपल्या भागातील चार-पाच शाळांनी ठरविले तर आरंभाला मोठा खर्च नाही. एक सामाईक ईमेल पत्ता आणि प्रत्येक शाळेत एक जाड वही. कोणाकडे उर्दू पुस्तके चांगली, कोणाकडे तांत्रिक, कोणाकडे स्पर्धा परीक्षांची, याची यादी सर्वांजवळ असावी. वहीत चार रकाने पुरेत: प्रश्न, कोणाकडे पाठविला, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर उत्तर मिळाले, आणि तारीख. रात्रपाळीहून परतणाऱ्या बापाचा प्रश्न सकाळी शाळेत येताना मुलाने चिठ्ठीवर आणला तरी तो वहीत चढविता येईल.